युक्रेनला फोटो काढायला जायचंय, दीड लाखात आधी काय घ्यावं?

पर्वती_फ्रेम:
मार्चमध्ये तीन आठवडे पूर्व युक्रेनला जायचं ठरतंय. संपादकांचं पत्र मिळालंय, बाकी खर्च माझा. दोन कॅमेरा बॉडी, २४-७० आणि ७०-२०० लेन्स आहेत. सामानासाठी दीड लाख बाजूला काढलेत. १००-४०० घेऊ, की बुलेटप्रूफ जॅकेट इथूनच नेऊ? फोटो पाठवायची आणि कार्डं सांभाळायची रीतही सांगा.

तपकीर_गल्लीकर:
१००-४०० अजिबात नको. लांब लेन्स कोपऱ्याआडून बाहेर काढली की वरून बघणाऱ्याला ती रॉकेट लाँचर वाटते. १२ जुलै २००७ ला बगदादमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेचे नामिर नूर-एल्दीन आणि सईद श्माघ अमेरिकी हेलिकॉप्टरच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा त्यांचे कॅमेरे शस्त्रं समजले गेले होते. २४-७० एका बॉडीला, ७०-२०० दुसऱ्याला, आणि धुळीत लेन्स बदलायची नाही. एवढ्यात काम भागतं.

जॅकेट तिथेच भाड्याने किंवा उसनं घ्या. आरएसएफने (पत्रकारांसाठी काम करणारी 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' संस्था) २०२२ मध्ये पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव्हला पत्रकारांसाठी केंद्र उघडलं, तिथून जॅकेट-हेल्मेट मिळायची. सध्या काय आहे ते आधी मेल करून विचारा. इथून न्यायचं म्हटलं तर चिलखती प्लेटा निर्यात-नियंत्रित मालात येतात, कागदांची कटकट होऊ शकते. आणि 'थ्री-ए' लेव्हल बघून भुलू नका. ती पिस्तुलाच्या गोळ्या आणि काही छर्रे अडवते. रायफलसाठी लेव्हल तीन किंवा चारच्या प्लेटा लागतात, मग अंगावरचं वजन दहा किलोच्या आसपास जातं. सिरॅमिक प्लेट एकदा जरी हातातून पडली तरी आतून तडकू शकते, आणि कापडाखाली ते दिसत नाही. भाड्याची घेताना हे नक्की विचारा.

डेक्कन_प्रथमोपचार:
माझ्या मते पहिले पैसे इथे जावेत. २०११ मध्ये लिबियातल्या मिसराता इथे फोटोपत्रकार टिम हेदरिंग्टन जखमी झाले आणि मांडीतून रक्त वाहून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांचे सहकारी सेबॅस्टियन युंगर यांनी फ्रीलान्स पत्रकारांना प्राथमिक उपचार शिकवणारी 'रिस्क' ही संस्था काढली.

कॅट टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर कांडी फिरवून आवळायचा पट्टा, दोन घ्या. एक जॅकेटवर बाहेर, कुठल्याही एका हाताने काढता येईल असा, दुसरा पिशवीत. ऑनलाइन स्वस्तातल्या नकला घेऊ नका, आवळताना त्यांची कांडी वाकते किंवा तुटते. लावायचा तो जखमेच्या ५-७ सेंटिमीटर वर, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. रक्त थांबेपर्यंत कांडी फिरवायची, मग वेळ लिहायची. दुखतं म्हणून सैल करायचा नाही, ते डॉक्टर बघतील. जांघ, काख, मान इथे टुर्निके चालत नाही. जांघ-काखेत रक्त थांबवणारं गॉज खोलवर कोंबून किमान तीन मिनिटं सलग दाबून धरायचं. मध्ये 'थांबलं का' म्हणून उचलून बघितलं की गुठळी सुटते. छातीच्या जखमेसाठी चेस्ट सील (जखमेवर चिकटवायची हवाबंद पट्टी) असू द्या. व्हिडिओ बघून हे येत नाही, सरावासाठी एक टुर्निके वेगळा ठेवा. सरावात वापरलेला खरा म्हणून नेऊ नका, त्याचा पट्टा थकतो.

पर्वती_फ्रेम:
मग लेन्स बाद. विम्याचं काय?

तपकीर_गल्लीकर:
नेहमीच्या प्रवास विम्यात युद्ध वगळलेलं असतं, ते कलम आधी वाचा. पत्रकारांसाठी युद्धजोखमीचा वेगळा विमा मिळतो, त्यात रुग्णाला बाहेर हलवण्याचा खर्च आहे ना ते तपासा. विमा आणि प्राथमिक उपचार यातच दीड लाखाचा बराचसा भाग जाईल.

फाइल_बहाद्दर:
दोन्ही कार्ड स्लॉट एकाच वेळी लिहितील असं सेटिंग ठेवा. 'पहिलं भरलं की दुसरं' हे नको. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) सोबत जेपेग घ्या. रॉयटर्सने २०१५ पासून फ्रीलान्सरांकडून रॉवरून केलेले फोटो घेणं बंद केलं, मूळ जेपेगच लागतात. आणि क्लोन टूलला (फोटोतला एक भाग दुसरीकडे उमटवणारं साधन) हात लावू नका. २००६ मध्ये बैरूतच्या फोटोत धूर वाढवलेला निघाला, तर त्या फ्रीलान्सरचे सगळे ९२० फोटो त्यांनी विक्रीतून काढले.

रोज रात्री एसएसडीवर कूटबद्ध प्रत. फोनमध्ये बोटाचा ठसा बंद, लांब पिन. फोटोतून जीपीएस काढा, सैन्याची जागा ओळखू येईल असं लगेच टाकू नका. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच वेळेवर जुळवा, नाहीतर कॅप्शनमध्ये कोणता फोटो कधीचा याचा घोळ होतो.

थंडीत बॅटरी लवकर उतरते. चार जास्तीच्या आतल्या खिशात, अंगाजवळ. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा आधी झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरतं. जास्तीच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच चालतात, टोकांना टेप लावून. प्रत्येकी १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, आणि कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १६ चीच असते. लोहगावच्या विमानतळावर मात्र कॅमेरा पिशवीतच राहू द्या, ते हवाई दलाचं ठिकाण आहे.

तपकीर_गल्लीकर:
एक राहिलं. युक्रेनचं हवाई क्षेत्र २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पोलंडपर्यंत विमान, पुढे तिथल्या सीमेजवळच्या पशेमिशल गावाहून रेल्वे. युक्रेनच्या सैन्याकडून पत्रकाराचं अधिकृत ओळखपत्र आधी काढा आणि कोणत्या भागात पत्रकारांना मज्जाव आहे ते फिक्सरला (पत्रकारांचा स्थानिक मदतनीस) रोज विचारा, पट्टे बदलत असतात.