पहिल्या रॉक महोत्सवाआधी कोणते भारतीय अल्बम ऐकावेत आणि पहिला महोत्सव कोणता निवडावा?

तंतुवाद्यनगरी

नमस्कार. मी मिरजेचा. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या गल्लीच्या शेजारी लहानाचा मोठा झालो, पण महाविद्यालयात असताना एका मित्राने डीप पर्पलच्या ‘मेड इन जपान’ची कॅसेट हाती ठेवली आणि तेव्हापासून रॉकने धरलेला हात आजतागायत सुटलेला नाही. १९७२ साली या बँडचा ‘मशीन हेड’ हा स्टुडिओतला अल्बम आला. त्यातली निम्म्याहून अधिक गाणी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियो येथील मैफलींत पुन्हा मुद्रित झाली, आणि तीच मुद्रणे म्हणजे ‘मेड इन जपान’. स्टुडिओत साडेचार मिनिटांत आटोपणारे ‘स्पेस ट्रकिन’ तिथे जवळपास वीस मिनिटे चालते. ख्यालाचा विस्तार कानावर पडत वाढलेल्या मला ते ऐकताना परके असे काहीच वाटले नाही. बंदिश तीच, पण गायक त्या रात्री तिला कुठे नेईल हे आधी ठरलेले नसते, तसाच तो प्रकार होता.

आता मुलगी पुण्याला शिकायला गेली आहे. तिलाही रॉक मनापासून आवडते, मात्र ती भ्रमणध्वनीवर एकेक गाणे सुटे ऐकते. या वर्षी आम्हा दोघांना मिळून एका महोत्सवाला जायचे आहे. माझे प्रश्न दोन आहेत. जाण्यापूर्वी तिने सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकावेत असे भारतीय बँडचे अल्बम कोणते? आणि पहिलाच अनुभव म्हणून मोठा शहरी महोत्सव बरा, की एखादा लहान, दूरचा? माझे स्वतःचे ऐकणे बहुतांशी परदेशी बँडचे आहे, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

धोबीतलाव

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण अल्बम सलग ऐकण्याची सवय असेल तरच मैफलीतला अर्धा आनंद हाती लागतो, असे माझे ठाम मत आहे. २००७च्या फेब्रुवारीत पिंक फ्लॉइड या बँडचे एकेकाळचे गायक-बास वादक रॉजर वॉटर्स मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर आले होते आणि त्यांनी त्या बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम संपूर्ण, मूळ क्रमाने सादर केला. एक गाणे मावळू लागले की पुढचे कोणते उगवणार हे आजूबाजूच्या अनोळखी माणसांना ठाऊक होते, आणि ते उगवण्याच्या क्षणभर आधीच मैदान श्वास रोखून धरत होते. सुटी गाणी ऐकणाऱ्याला तो क्षण मिळत नाही.

तुम्ही भारतीय अल्बम विचारले आहेत, तर माझ्या मते आरंभ इंडियन ओशनच्या ‘कंदिसा’पासून करावा. हा अल्बम २००० साली आला. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन प्रार्थनेवर आधारलेले आहे आणि ‘मा रेवा’ नर्मदेच्या काठचे आहे. बँडचे बास वादक राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले गृहस्थ असल्यामुळे ते गाणे तिथे सजावटीसाठी आलेले नाही, हे ऐकताना जाणवते. तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती २००९च्या डिसेंबरमध्ये गेले. त्यांचा आवाज ज्यांनी समोर बसून ऐकला नाही, त्यांच्यासाठी हा अल्बम म्हणजे मोठाच ठेवा आहे.

त्यानंतर इंडस क्रीड. हा मुंबईचा बँड १९८४ साली रॉक मशीन या नावाने सुरू झाला. बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या नकला वाजवून टाळ्या मिळवत होते, त्या काळात यांनी १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश तिनईकर यांची गिटार ऐकायची असेल, तर १९९५चा ‘इंडस क्रीड’ आणि दीर्घ खंडानंतर २०१२ साली आलेला ‘इव्हॉल्व्ह’ हे दोन अल्बम लागोपाठ ऐकावेत. मधली सतरा वर्षे माणसांच्या हातांत कशी मुरली आहेत, ते कळते.

महोत्सवाविषयी बोलताना मला रंगभवन आठवल्याशिवाय राहत नाही. १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकने, ज्याला आम्ही सगळे आय-रॉक म्हणत असू, मुंबईच्या दोन पिढ्यांना रॉक ऐकायला शिकवले, आणि आमच्यासाठी त्याचे घर म्हणजे धोबीतलावचे ते उघडे रंगभवन. जॅझ यात्रा १९७८ साली सुरू झाली तीही तिथेच. पुढे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरू लागले, आणि रुग्णालयांनी व महाविद्यालयांनी वेढलेल्या रंगभवनातील ध्वनिवर्धक बंद झाले. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, रुग्णाच्या उशाशी ढोल वाजू नयेत हे कोणालाही पटेल. परंतु शहराने त्या जागेच्या बदल्यात तितक्याच आटोपशीर, रेल्वे स्थानकापासून चालत गाठता येईल अशा दुसऱ्या उघड्या रंगमंचाची सोय केली नाही, ही खंत माझ्या मनातून जात नाही. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये आय-रॉक माझगावच्या गोदीकाठी पुन्हा भरला, तेव्हा केस पांढरे झालेली कितीतरी माणसे आपल्या मुलांना घेऊन आलेली पाहिली. तुम्हा बापलेकींसाठी मला तसा महोत्सव योग्य वाटतो.

पावसाळी वाट

धोबीतलाव यांच्या यादीला पूरक म्हणून मी दक्षिणेकडचे आणि थोडे अलीकडचे अल्बम सुचवते. मिरजेच्या माणसाला मदरजेनचा ‘मक्तूब’ ऐकवायलाच हवा. कोचीच्या या बँडचा हा अल्बम २००८चा. त्यात बैजू धर्मजन गिटारची तार ज्या रीतीने ओढतात, ती पाश्चात्त्य ब्लूजमधली ओढ नाही, ती कर्नाटक संगीतातील गमक आहे. स्वर एका जागी उभा राहत नाही, तो शेजारच्या स्वराला स्पर्श करून परत येतो. तुमच्या गल्लीत सतारीच्या पडद्यावर तार खेचून मींड घेणारे हात तुम्ही पाहिलेच असतील. त्याच नजरेने ही गिटार ऐका.

त्याच वर्षीचा ‘अवियल’ हा त्याच नावाच्या बँडचा मल्याळम अल्बम. मला मल्याळमचे एक अक्षर कळत नाही, तरीही तो मी गेली कित्येक वर्षे ऐकते आहे, कारण त्यातील शब्दांचे आघात तालाशी असे जोडलेले आहेत की अर्थ कळण्याआधीच पाय हलू लागतात. याउलट बंगळुरूच्या परवाजचा २०१४चा ‘बारान’ संथ आहे, तो घाईत ऐकू नये. मराठीत हा धागा पकडायचा असेल तर मुंबईच्या अभंग रीपोस्टला प्रत्यक्ष ऐकावे. आजीच्या तोंडून ऐकलेला अभंग बास गिटार आणि ड्रम्सच्या साथीने येतो आणि तरीही त्याचे अभंगपण शाबूत राहते.

महोत्सवाच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. पहिला अनुभव झिरोचा असावा. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात २०१२पासून हा महोत्सव भरतो, साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीस, आणि तो चार दिवस चालतो. रंगमंच बांबूचे असतात. दिवसाच्या रंगमंचाला दान्यी आणि रात्रीच्या रंगमंचाला पिलो म्हणतात, म्हणजे तिथल्या आपातानी लोकांच्या भाषेत सूर्य आणि चंद्र. सभोवती भाताची खाचरे असतात आणि त्यांच्या पाण्यात मासे पाळलेले असतात. मी गेले होते त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी जो पाऊस लागला, तो थांबेचना. गमबूट घोट्याच्या वरपर्यंत चिखलात रुतत होते, एक पाय उपसला की दुसरा अडकत होता, आणि तरीही समोरचे कोणी जागचे हलले नाही. आदल्या दिवशीपर्यंत नावही न ऐकलेल्या एका ईशान्येकडच्या बँडचे शेवटचे गाणे आम्ही भिजत ऐकले. गिटारचा आवाज थांबल्यावर बांबूवर पडणाऱ्या पावसाचा आवाज तेवढा उरला होता.

तयारी मात्र आधीपासून करावी लागते. अरुणाचलात प्रवेश करण्यासाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्याबाहेरच्यांना लागणारा सरकारी प्रवेश परवाना, आवश्यक आहे, नाहरलागून स्थानकापासून पुढे डोंगरातला रस्ता कित्येक तासांचा आहे, आणि राहण्यासाठी तंबू किंवा गावातील घरे लवकर भरतात. बापलेकींनी चार दिवस एकत्र राहून संगीत ऐकावे यासाठी इतकी सुंदर जागा मला दुसरी माहीत नाही.

ध्वनिमिश्रक

मी पुण्यात राहतो आणि मैफलींचे ध्वनिमिश्रण हा माझा व्यवसाय आहे. वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, फक्त एका ठिकाणी असहमती नोंदवतो. इंडियन ओशनचा आरंभ ‘कंदिसा’पासून न करता १९९७च्या ‘डेझर्ट रेन’पासून करावा. तो दिल्लीत नाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ या कलावंतांच्या संस्थेने भरवलेल्या कार्यक्रमात, उघड्यावर, श्रोत्यांसमोर मुद्रित झाला. त्यात कुठे तोल किंचित ढळतो, कुठे गिटार तबल्याची वाट पाहते, आणि त्यातूनच चार माणसे एकमेकांना कसे ऐकतात हे स्पष्ट होते. मग ‘कंदिसा’ ऐकला की स्टुडिओने काय घडवले आणि काय वगळले हे ऐकणाऱ्याचे त्यालाच उमगते. ज्या मुलीचे वडील ‘मेड इन जपान’वर वाढले, तिला हा क्रम सहज पटेल.

आता उभे कुठे राहायचे, याविषयी. बहुतेक नवखे श्रोते रंगमंचाला चिकटून उभे राहतात आणि नंतर गायकाचे शब्द ऐकूच आले नाहीत अशी तक्रार करतात. तिथे ड्रम्सचा आणि वादकांच्या ॲम्प्लिफायरचा थेट आवाज येतो, पण मुख्य स्पीकर डोक्यावरून पुढे रोखलेले असतात. आमचा कन्सोल, म्हणजे ध्वनिमिश्रणाचा फलक, मैदानात जिथे मांडलेला असतो, तिथल्या कानांना योग्य वाटेल असाच समतोल आम्ही साधतो, म्हणून कन्सोलच्या चार पावले पुढे, मध्यरेषेजवळ उभे राहावे. फार मागे असाल तर मधल्या मनोऱ्यावरील स्पीकरकडे लक्ष द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो, म्हणजे सत्तर मीटरवर तो सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा उशिरा पोहोचतो. म्हणून त्या स्पीकरमधला आवाज मुद्दाम तेवढाच थांबवून सोडावा लागतो, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. ही जुळणी नीट झाली असेल तर मनोरा वाजतो आहे हेच कळत नाही.

कानांची काळजी घ्यावी, हे मी हात जोडून सांगतो. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सहन करू शकतात असे मानले, तर दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. महोत्सवात आपण सात-आठ तास असतो. फोमचे स्वस्त बोळे तीव्र स्वर जास्त दाबतात आणि संगीत घोंगडीखालून आल्यासारखे वाटते. संगीतकारांसाठीचे खास इअरप्लग सर्व स्वर जवळपास सारख्याच प्रमाणात कमी करतात, ते घ्यावेत. उमेदीच्या काळात मी ते वापरले नाहीत. आज रात्री खोलीत शांतता झाली की माझ्या डाव्या कानात बारीक शिटी सुरू होते आणि ती थांबवण्याचा उपाय डॉक्टरांकडेही नाही.

महोत्सवाची निवड करताना एवढे ध्यानात ठेवावे की मोठ्या महोत्सवात दोन बँडच्या मध्ये अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. तेवढ्यात पूर्ण साउंडचेक होत नाही, नुसती प्रत्येक वायर जिवंत आहे ना एवढी लाइन चेक होते. त्यामुळे पहिली दोन गाणी मिश्रण जुळण्यातच जातात. २०२३पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणाऱ्या लोलापलूझासारख्या ठिकाणी एकाच वेळी अनेक रंगमंच चालू असतात, आणि या रंगमंचावरून त्या रंगमंचाकडे पळत राहणाऱ्याला प्रत्येक बँडची नेमकी हीच कच्ची गाणी पदरी पडतात. दिवसाला तीनच बँड निवडा, पण ते आरंभापासून अखेरपर्यंत ऐका.

धोबीतलाव यांनी सांगितलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांना एक जोड देतो. त्यांनुसार उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री सहसा दहाला बंद करावे लागतात. रात्रभर चालणारा सवाई गंधर्व याच नियमांमुळे आटोपता झाला आणि उत्तररात्रीचे राग मंडपातून गेले, ते दुःख पुणेकरांना ठाऊक आहे. रॉकवाल्यांचेही तेच. शेवटचा, म्हणजे मुख्य बँड दहाच्या ठोक्याला थांबतो, म्हणून दुपारी उशीर झाला की त्याचीच गाणी कापली जातात. सायंकाळी वेळापत्रक पाहून, किती मिनिटे सरकली आहेत हे मनाशी मोजून, त्याप्रमाणे जेवणाची वेळ ठरवावी.

तंतुवाद्यनगरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कन्या शनिवार-रविवारसाठी घरी आली होती, तेव्हा ध्वनिमिश्रक यांच्या क्रमाने ‘डेझर्ट रेन’ आणि मग ‘कंदिसा’ असे दोन्ही आम्ही एका बैठकीत ऐकले. ‘मक्तूब’ रविवारी सकाळी लावला. पहिल्या गाण्यातच तिने हात वर करून थांबायला सांगितले, शेजारच्या कारखान्यातून आणलेली, जव्हारी (स्वर खुलवण्यासाठी घोडीची केलेली घासणी) न झालेली सतार कोपऱ्यात उभी होती ती घेतली आणि तीच ओढ तारेवर काढण्याचा प्रयत्न केला. निघाली नाही. मग गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.

यंदा आम्ही मुंबईचा एखादा महोत्सव करू आणि पुढील वर्षी सप्टेंबरमध्ये झिरो. पावसाळी वाट ताई, परमिटसाठी अर्ज किती आधी करावा आणि गावातल्या घरी राहायचे झाल्यास विचारणा कोणाकडे करायची, तेवढे कृपया सांगावे.