इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्ज वाचताना कळतात, लिहिताना सुचत नाहीत. मदत हवी आहे

मी कोल्हापूरची, मराठी माध्यमातली, बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. इंग्रजी व्याकरण ठीक आहे, घोडं अडतं फ्रेजल व्हर्ब्जपाशी, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'आउट' असा छोटा शब्द जोडला की अर्थच बदलतो तिथे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट आउट' विझवणं, 'पुट अप विथ' सहन करणं. यादी पाठ केली की आठवड्यात सरमिसळ होते. (आपणही गप्पा मारतो, थापा मारतो, हाका मारतो, पण ते कधी पाठ करावं लागलं नाही.) समानार्थी शब्दांचंही तसंच. मैत्रिणीला कौतुकानं 'स्लिम' (सडपातळ) ऐवजी 'स्किनी' (हाडकुळी) म्हटलं, तिला लागलं.

वही झाली, फ्लॅशकार्डं झाली. रोज पाऊण तास मिळतो, क्लास परवडणार नाही. क्रियापदानुसार यादी करण्याऐवजी प्रवास, आजारपण, भांडण असे प्रसंगानुसार गट केले तर लिहिताना आठवतात का? केलं असेल त्यांनी सांगा, रोज किती घेत होता?