पेन्शनची केस जिंकली तर वकिलाची फी सरकारकडून मिळते का?

पारोळ्याचा पोरगा:
राम राम मंडळी. वडील तोफखान्यात हवालदार होते, तोफांच्या आवाजाने कान गेले. रिटायर होताना मेडिकल बोर्डाने अपंगत्व 30 टक्के लिहिलं पण खाली शेरा मारला की हे नोकरीमुळे नाही, झालं, अपंगत्व पेन्शन नाकारली. आता मुंबईच्या सैन्य न्यायाधिकरणात केस आहे, शेवटच्या सुनावणीची तारीख जवळ आलीय. कापूस विकून 40 हजार फी भरली आणि आता वकीलसाहेब म्हणतात एरियर्स, म्हणजे मागची थकलेली पेन्शन, आले की त्यातले 30 टक्के द्या. चूक सरकारची, मग खर्च आम्ही का सोसायचा?

माजी सैनिक, अमळनेर:
भाऊ, आपोआप काही मिळत नाही, मागावं लागतं. न्यायाधिकरणाच्या 2007 च्या कायद्यात कलम 18 आहे, त्याखाली खर्चाचा आदेश देता येतो, पण द्यायचा की नाही आणि किती ते त्यांच्या मर्जीवर. अर्जात खर्चाची मागणी लिहिलीय का ते आजच बघा आणि फीच्या पावत्या जोडा. पावतीच नसेल तर काय दाखवणार? आणि भरतीच्या वेळी कान चांगले होते असं रेकॉर्डला असेल तर सुप्रीम कोर्टाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल वकिलाला दाखवायला सांगा, भरतीला नोंद नसलेला त्रास नोकरीमुळेच झाला असं त्यात धरलंय. जिंकलात तर अपंगत्व 30 ऐवजी 50 टक्के धरतात, पण एरियर्स बहुतेक वेळा केस टाकायच्या आधीच्या 3 वर्षांचेच मिळतात, त्यातून 30 टक्के गेले तर म्हाताऱ्या माणसाच्या हातात उरतं काय.

कोर्टकचेरी, धुळे:
ते 30 टक्के मला अजिबात पटलं नाही. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियमच आहे की निकालावर फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या पैशात वाटा घ्यायचा नाही. तुम्ही असं काही लिहून दिलंय का? नसेल तर देऊ नका, ठरलेली फी द्या आणि पावती घ्या. सरकार पुढे वरच्या कोर्टात गेलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांग व्यक्तीला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बाईमाणसालाही तसंच, म्हणजे माजी सैनिकाच्या विधवेने पण विचारावं.

तापीकाठ:
माझा पुतण्या अमेरिकेत अशाच केसेस करणाऱ्या वकिलाकडे कामाला आहे. तिथे 1980 पासून कायदाच आहे, सरकारची बाजू पुरेशी रास्त नव्हती असं कोर्टाला वाटलं तर फी सरकार भरतं, निकाल अंतिम झाल्यावर 30 दिवसांत अर्ज करायचा. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेच्या, केसमध्ये वकील थकबाकीतून पण घेतो, जास्तीत जास्त 25 टक्के तेही कोर्टाने मान्य केले तर, आणि दोन्हीकडून मिळाले तर कमी असलेली रक्कम अशीलाला परत. आपल्याकडे असं का नाही याचा मला खरंच राग येतो.

पारोळ्याचा पोरगा:
सगळ्यांचे आभार. अर्ज काढून बघितला, खर्चाची मागणी शेवटच्या ओळीत आहे! पावती फक्त 15 हजाराची सापडली, बाकी रोख दिले होते. उद्या सकाळच्या एसटीने वडिलांना घेऊन वकिलाकडे जातो, आधी उरलेल्या पावत्या मागतो, मग 30 टक्क्यांचं बोलतो.