काइटबोर्डिंग शिकायला रामेश्वरमला जातोय, मदत हवी आहे

जानेवारीत मी आणि बहीण पुण्याहून आठ दिवस जातोय. काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून घसरत जाणं. दोघींना पोहता येतं, वाऱ्याचा अनुभव नाही. छोटा ट्रेनर (सरावाचा) काइट किनाऱ्यावर उडवून पाहिला. एकाच झोतात गुडघ्यांवर फरफटत गेले, हातात वाळू! म्हणून शिकवणीशिवाय पाण्यात उतरणार नाही, सामानही आत्ताच विकत घेणार नाही.

उथळ पाणी आणि हिवाळ्यातला उत्तरेचा वारा म्हणून रामेश्वरम निवडलं. एका ठिकाणी १० तासांचे माणशी ३५ हजार सांगितले, हेल्मेट आणि हार्नेस (काइट अंगाला जोडायचा पट्टा) धरून. वारा पडला तर उरलेल्या तासांचं काय, ते मात्र सांगत नाहीत.

तिथे शिकलेल्यांनी कृपया सांगा: क्विक रिलीज (अडचणीत काइटची ओढ झटकन तोडायची सोय) आधी किनाऱ्यावर घोटून घेतात का, बचावाची बोट असते का, आणि १० तासांत बोर्डवर खरंच उभं राहता येतं का?