मदत हवी आहे: कुत्रीच्या घरच्या जेवणात कलेजी आणि मासे किती द्यावेत?

नमस्कार. आमच्या नागपूरच्या घरी १८ किलो वजनाची, चार वर्षांची देशी कुत्री आहे. भात, उकडलेली कोंबडी आणि थोडे दही हे तिचे रोजचे जेवण. त्यात गोळ्या-पावडरींऐवजी साध्या पदार्थांतून जीवनसत्त्वे कशी वाढवावीत, याबद्दल अनुभवी सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना विषारी असल्यामुळे आमच्या फोडणीचे काहीही तिच्या ताटलीत जात नाही (सावजी रश्श्याचा वास आला की ती ओट्यापाशी ठाण मांडते, हा भाग वेगळा). गाजर आणि लाल भोपळा वाफवून, कुस्करून देते. अंडे पूर्ण उकडूनच, कारण कच्च्या पांढऱ्या भागातील अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन (ब गटातील एक जीवनसत्त्व) शोषू देत नाही.

खरी अडचण कलेजीची आहे. तिच्यात अ आणि ब गटातील जीवनसत्त्वे भरपूर असली, तरी अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि अति झाल्यास हाडांना अपाय होतो. मग एवढ्या वजनाच्या कुत्रीला आठवड्यातून किती कलेजी द्यावी?

दुसरा प्रश्न ड जीवनसत्त्वाचा. कुत्र्यांच्या त्वचेत ते उन्हामुळे पुरेसे तयार होत नाही, म्हणजे आपल्या नागपुरी उन्हाचा इथे काही उपयोग नाही. नियमित मासे देणाऱ्यांनी कोणते मासे, कसे शिजवून आणि काटे कसे काढून देता, ते कृपया सविस्तर लिहावे. संत्र्याच्या बिया काढलेल्या एकदोन फोडी ती आवडीने खाते, पण क जीवनसत्त्व कुत्र्याचे यकृत स्वतःच बनवते, त्यामुळे ती निव्वळ हौस समजते.