सिबेलियसचा व्हायोलिन कॉन्चेर्टो: काय धरून ऐकू?

बर्फातला_नाना:
हेलसिंकीत येऊन आठ महिने झाले. ऑफिसातल्या एकाने शुक्रवारचं म्युसिक्कितालो या इथल्या संगीतसभागृहाचं तिकीट गळ्यात मारलंय. सिबेलियस या फिनिश संगीतकाराचा व्हायोलिन कॉन्चेर्टो आहे. मी सवाई गंधर्वचा श्रोता, यातलं ओ की ठो कळत नाही. डुलकी लागू नये म्हणून काय धरून ऐकू? आणि दाद कधी द्यायची?

चौथी_तार:
नाना, मी बारा वर्षं गायकी अंगाने व्हायोलिन शिकले, म्हणून आपल्या भाषेत सांगते. कॉन्चेर्टो म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना. ही डी मायनरमधली. डी हा षड्ज धरा, घरी तानपुरा ॲप डीवर लावून एकदा ऐका. सुरुवातीला ऑर्केस्ट्रातली व्हायोलिनं इतकी हळू सळसळतात की सुरू झालं हेच कळत नाही. त्यावर एकल व्हायोलिन येतं ते मध्यमावर! मग पंचम, मग षड्ज. मायनर म्हणजे ढोबळमानाने आसावरी थाट. पण राग शोधत बसू नका, षड्ज सारखा सरकतो.

पहिल्या भागाच्या मधोमध ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटं व्हायोलिन बोलतं. ही कॅडेन्झा. आलाप वाटेल, पण सूर न् सूर लिहिलेला आहे. मला तर ते ऐकताना सिबेलियसच आठवतो. त्याला स्वतःला व्हायोलिनवादक व्हायचं होतं, 1891 साली व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राच्या चाचणीत नापास झाला.

दाद मनात. तिन्ही भाग संपल्यावरच टाळ्या. पहिल्या भागानंतर हात शिवशिवतील, मांडीखाली घाला.

जुना_रेकॉर्डवाला:
1904 साली हेलसिंकीत पहिल्यांदा झाला तेव्हा फसला होता. मग छाटून 1905 मध्ये बर्लिनला वाजला, कंडक्टर खुद्द रिचर्ड श्ट्राउस. मूळ आवृत्ती व्हायोलिनवादक कवाकोसने रेकॉर्ड केलीय, पण ती शुक्रवारनंतर ऐका.

ताल_वेडा:
तिसरा भाग विसरलात ताई! टिंपनीचा, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांचा ठेका आणि त्यावर व्हायोलिन सगळ्यात खालच्या तारेवर. टोव्ही नावाच्या समीक्षकाने त्याला ध्रुवीय अस्वलांचं पोलोनेज (पोलिश नाच) म्हटलंय. झोप लागली तर मला सांगा.

बर्फातला_नाना:
ताई, ॲप लावून ऐकलं. मध्यम सापडला! पुढे चार मिनिटांत ॲप बंद करावं लागलं, भांडायलाच लागलं. आता शेवटचं: कोट घालूनच बसतात का?

चौथी_तार:
कोट बाहेर ठेवायचा. खोकल्याची गोळी मात्र खिशात, वेष्टन आधीच काढून.