दिवाळीत ‘डिलिव्हरी फ्री’ लिहिणं बंद करावं का?

चकलीवाली_दादर
नवरात्र उठलं की कुरियर बुक करून देणाऱ्यांचा मेल ठरलेला: सणाचा सरचार्ज लागू. इंधन अधिभार वेगळा आणि एकूण बिलावर 18 टक्के जीएसटी.

आमच्या फराळाच्या डब्याचाच हिशेब मांडते. अर्धा किलो चिवडा, अर्धा किलो चकली, पाव-पाव किलो शंकरपाळे आणि करंज्या. खोक्यासकट काट्यावर पावणेदोन किलो. पण चकली मोडू नये म्हणून खोकं घ्यावं लागतं 30 बाय 25 बाय 20 सेंटिमीटरचं. कुरियरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून 5000 ने भागतात, म्हणजे 3 किलो. यातलं जे वजन जास्त, त्याचं बिल. सव्वा किलो हवेचं भाडं आम्ही भरतो, आणि सणात तेही वाढीव दराने.

माझं म्हणणं एवढंच, की दसरा ते दिवाळी आपण सगळ्या छोट्या विक्रेत्यांनी ‘डिलिव्हरी फ्री’ लिहिणं बंद करावं. पिनकोडप्रमाणे जे भाडं होईल ते बिलात वेगळं दाखवावं.

हिशेबनीस_ठाणे
पूर्ण असहमत. ताई, 590 अधिक 90 लिहिलंत की गिऱ्हाईक त्या 90 वरून हुज्जत घालतं. तोच डबा 680 ला ठेवून डिलिव्हरी फ्री लिहा, मुकाट्याने घेतं. मोठ्या प्लॅटफॉर्मनी लोकांना ही सवय लावून ठेवलीये, ती तुम्ही-आम्ही मोडू शकत नाही. भाडं किमतीत घाला आणि गप्प बसा.

चकलीवाली_दादर
आणि परळच्या गिऱ्हाइकाने गुवाहाटीचं भाडं का भरायचं? सरासरी काढून किमतीत घातलं की जवळचा माणूस महाग डबा घेतो. तो मग कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, आणि माझ्याकडे उरतात फक्त लांबचे.

खणाची_पर्स
ताईंशी +1. फक्त कॅश ऑन डिलिव्हरीचं बोला की कुणीतरी! पार्सल नाकारलं की जाण्याचं भाडं आपलं, परतीचंही आपलंच. सणात लोक गावाला निघून जातात, दाराला कुलूप. मी दिवाळीत सीओडी घेतच नाही. ऑर्डरी कमी येतात, येऊ देत.

भिवंडीचा_भाऊ
मी कुरियरच्या गोदामात कामाला आहे, तेव्हा दुसरी बाजूही ऐका. सणाच्या दिवसांत रोजंदारीवर जादा पोरं घ्यावी लागतात, रात्रपाळी लागते. भाड्याचे टेम्पो या दिवसांत नेहमीच्या दरात मिळत नाहीत. गाडी इथून खच्चून भरून निघते, पण येताना रिटर्न भाडं मिळेलच असं नाही. डिझेल मात्र दोन्ही वेळेला तेवढंच. त्यात ठाण्यात अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात, तेवढा वेळ गाडी नुसती उभी. हा खर्च कुणीतरी भरणारच ना? फराळ तेवढा महाग विकायचा आणि वाहतूक बारा महिने एकाच भावात मागायची, हे कसं चालेल?

चकलीवाली_दादर
भाऊ, तुमच्या पोरांच्या मजुरीबद्दल माझी तक्रार नाही. सरचार्ज आधी कळतो, तो धरून भाव लावता येतो. राग आहे तो नंतरच्या कापाकापीचा. पार्सल पोचून आठवडा होतो आणि मग कुरियरसाठी आगाऊ पैसे भरून ठेवलेल्या वॉलेटमधून ‘वजनात तफावत’ म्हणून पैसे जातात. तोवर गिऱ्हाइकाने डबा फस्त केलेला असतो. मागायचे कुणाकडे?

भिवंडीचा_भाऊ
ते मशीनवर मोजलं जातं. खोकं फुगलं असेल, चेपलं असेल, तर माप वाढतं. टेप लावलेल्या खोक्याचा काट्यावरचा फोटो काढा, तिन्ही बाजूंना मोजपट्टी धरून. फोटो असला की तक्रार टिकते, नाहीतर नाही.

खणाची_पर्स
म्हणजे मशीन तुमचं, माप तुमचं आणि पुरावा आम्ही द्यायचा. वा!

टपालप्रेमी
एवढा त्रागा करण्यापेक्षा स्पीड पोस्ट करा. 2012 नंतर थेट 1 ऑक्टोबर 2025 ला दर बदलले, आणि तरी अर्ध्या किलोपर्यंत गावातल्या गावात 28 रुपये, 2000 किलोमीटरपलीकडे 93, जीएसटी वेगळा.

हिशेबनीस_ठाणे
तो तक्ता कागदपत्रांचा आहे हो. चकली कागदपत्रात बसत नाही.

टपालप्रेमी
पार्सलचा दर वेगळा, पण तोही छापील. दसऱ्याला एक आणि जानेवारीला दुसरा, असं नाही.

सातासमुद्रापार
छापील दराचं कौतुक अमेरिकेत फराळ पाठवणाऱ्यांना सांगू नका. तिथे 800 डॉलरपर्यंतच्या मालाला जकात माफ होती, ती 29 ऑगस्ट 2025 पासून गेली. आपल्या पोस्टाने त्याच सुमारास तिकडचं पार्सल बुकिंग थांबवलं, ते पुन्हा सुरू झालं 15 ऑक्टोबरला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं 21 ला. मधल्या काळात खासगी कुरियर म्हणेल तो भाव. (बहिणीला न्यू जर्सीला पाठवलेल्या अनारशांचं भाडं घरात अजून सांगितलेलं नाही.)

हिशेबनीस_ठाणे
तर मग ताई, तुमचं ठरलं काय?

चकलीवाली_दादर
मुंबई-ठाण्यात एकच ठरावीक भाडं, बाहेर जे होईल ते, आणि करंज्या वेगळ्या चपट्या डब्यात म्हणजे खोकं लहान होईल. ‘फ्री’ हा शब्द काढला.

हिशेबनीस_ठाणे
मी ठेवणार. पनवेल मुंबईत धरणार की बाहेर?

चकलीवाली_दादर
बाहेर.

हिशेबनीस_ठाणे
मग पनवेलकरांना माझा नंबर द्या.